ऊर्जा संपवली की रिसेप्टर थांबतात का? : एका प्रयोगाचा अनुभव

पेशीतली ऊर्जा संपवल्यावर तिच्या पटलावरचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे ठरावीक रेणू धरणारी प्रथिने, हलायचे थांबतात का, या एका प्रश्नावर माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण उभे आहे. गेल्या मार्चमध्ये मौखिक परीक्षा झाली, सुचवलेल्या दुरुस्त्या एप्रिलअखेर सादर झाल्या आणि आता थोडी उसंत मिळाल्यावर हा वृत्तांत लिहीत आहे. वरवर पाहता हा प्रश्न आठवडाभरात निकालात निघावा असा वाटतो : पेशींना ऊर्जानिर्मिती रोखणारे द्रव्य द्यावे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि दिसेल ते लिहावे. प्रत्यक्षात प्रस्तावापासून शेवटची आकृती पक्की होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. त्यातला मोठा वाटा परवानग्या मिळवण्यात, वाट पाहण्यात आणि 'आपण मोजतो आहोत ते खरोखर ऊर्जेमुळेच घडते आहे का' ही शंका फेडण्यात खर्ची पडला. ज्यांना हेच किंवा याच्या जवळपासचे काम करायचे आहे, त्यांना कुठे किती वेळ राखून ठेवावा हे आधीच कळावे, म्हणून सारे क्रमाने मांडते.

सुरुवात जानेवारीत वाचनाने झाली. मार्गदर्शक बाईंनी दोन जुने शोधनिबंध हाती दिले आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकतात ते सांग, असे म्हणाल्या. पहिला १९७० सालचा, फ्राय आणि एडिडिन यांचा. त्यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत विलीन करून दोघींच्या पटलांवरची प्रथिने वेगवेगळ्या रंगांच्या फ्लुरोसंट प्रतिपिंडांनी दाखवली. सुमारे ४० मिनिटांत बहुतेक जोडपेशींवर दोन्ही रंग पुरते मिसळलेले दिसले. एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूची निर्मिती रोखणारी द्रव्ये दिली तरी हे मिसळणे थांबले नाही. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली नेले तेव्हा मात्र थांबले. दुसरा निबंध १९७१ सालचा, टेलर, डफस, राफ आणि द पेट्रिस यांचा, लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवरचा. पटलावरच्या इम्युनोग्लोब्युलिन या प्रथिनाच्या रेणूंना दोन बाहूंच्या प्रतिपिंडाने एकमेकांशी जोडले की आधी त्यांचे पुंजके होतात आणि मग ते सारे पुंजके पेशीच्या एका टोकाला गोळा होतात. या दुसऱ्या टप्प्याला कॅपिंग म्हणतात. एटीपीची निर्मिती रोखणारे सोडियम अझाइड दिल्यावर पुंजके होत राहिले, पण कॅपिंग झाले नाही.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही हे नीट उमगायला मला काही आठवडे लागले. रिसेप्टर पटलात सरकतो तो मुख्यतः आजूबाजूच्या लिपिड (पटल ज्या मेदरेणूंचे बनते ते) आणि पाण्याच्या रेणूंच्या औष्णिक धडकांमुळे. ही हालचाल एटीपी मागत नाही. ३७ अंशांना ही औष्णिक ऊर्जा मोलमागे सुमारे २.६ किलोजूल भरते. पेशीच्या परिस्थितीत एटीपीच्या विघटनातून मोलमागे सुमारे ५० किलोजूल, म्हणजे जवळपास २० पट ऊर्जा सुटते. ती खर्च होते पुंजक्यांना एका दिशेने ओढण्यात, रिसेप्टर पेशीच्या आत घेऊन पुन्हा पटलावर आणण्यात, आणि पटलाला आतून लागून असलेले ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे सतत मोडत-बांधत ठेवण्यात. यातली शेवटची बाब सर्वांत अवघड, कारण ते जाळे विसरणाच्याच, म्हणजे औष्णिक धडकांनी होणाऱ्या भटकण्याच्याच, आड येते. ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह वाहणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन धरणारा) पटलावर मोकळा न फिरता छोट्या कप्प्यांत काही काळ अडकतो आणि मग शेजारच्या कप्प्यात उडी घेतो, हे साको आणि कुसुमी यांनी १९९४ मध्ये दाखवले होते. पुढे २००२ मध्ये कुसुमींच्या गटाने ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण लिपिडला जोडून सेकंदाला ४०,००० चित्रे घेतली, तेव्हा लिपिडसुद्धा सुमारे २३० नॅनोमीटरच्या कप्प्यात सरासरी ११ मिलिसेकंद राहून पुढे जातो असे दिसले. म्हणजे कप्प्यातले भटकणे ऊर्जेविना चालते, पण कप्प्याच्या भिंती ज्या जाळ्यावर उभ्या असतात ते जाळे ऊर्जेवर जगते. माझा प्रश्न त्यामुळे बदलला. 'रिसेप्टर हलतो का' याऐवजी 'कोणत्या कालमापावर आणि कोणत्या रीतीने हलतो' असे मी प्रस्तावात लिहिले, आणि हे एक वाक्य पुढे प्रत्येक समितीपुढे उपयोगी पडले.

कागदपत्रे मार्चमध्ये सुरू झाली. मानवी पेशींची वाण वापरायची असल्यामुळे जैवसुरक्षा समितीकडे एक अर्ज, ट्रान्सफेरिन रिसेप्टरला रंग बांधण्याची सोय असलेला प्लास्मिड (पेशीत घालायचे डीएनएचे छोटे वर्तुळ) दुसऱ्या प्रयोगशाळेकडून मागवायचा असल्यामुळे साहित्य-हस्तांतरणाचा करार, लेसरच्या खोलीत जाण्यासाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि सोडियम अझाइडसाठी रसायन-सुरक्षेचा स्वतंत्र अर्ज. करारावर दोन्हीकडच्या विधी विभागांच्या सह्या लागतात आणि त्या सर्वांत उशिरा येतात. माझा करार उन्हाळा संपताना हाती आला. म्हणून तो अर्ज सर्वांत आधी टाकावा, प्लास्मिड नेमका कशासाठी वापरणार हे पहिल्याच मसुद्यात लिहावे, आणि पुढे त्यात उत्परिवर्तन करण्याचा विचार असेल तर तोही त्याच वेळी नमूद करावा. नंतर कलम घालायचे झाले तर सह्यांची फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

अझाइडचा अर्ज मात्र निव्वळ औपचारिकता समजू नये. हे द्रव्य मायटोकॉन्ड्रियातले सायटोक्रोम ऑक्सिडेज हे श्वसनाचे विकर बंद पाडते, म्हणजे आपल्यालाही ते त्याच कारणाने घातक आहे. आम्लाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॅझोइक आम्लाची विषारी वाफ निघते, आणि शिसे किंवा तांबे यांच्याशी त्याची स्फोटक लवणे होतात. म्हणून ते बेसिनमध्ये ओतायचे नाही आणि धातूच्या चमच्याने मोजायचे नाही. टाकाऊ द्रावणासाठी वेगळी बाटली, तिच्यावर तारीख आणि तीव्रता, आणि ती उचलून नेण्याचा करार, हे तिन्ही अर्जातच दाखवावे लागले. ब्लीचने पुसण्याची सवय असलेल्या पेशीसंवर्धनाच्या खोलीत ही बाटली ठेवू नये, अशी सूचना समितीने जोडून दिली आणि ती अगदी योग्य होती.

सप्टेंबरपासून प्रत्यक्ष कामाला हात लागला. बहुतेक निबंधांच्या पद्धती-विभागात 'एटीपी कमी केला' असे एका ओळीत उरकलेले असते, पण तीच पायरी सर्वांत जास्त वेळ खाते. संवर्धनातल्या पुष्कळशा पेशी ग्लुकोज भरपूर असेल तर केवळ ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडून मिळणाऱ्या एटीपीवर, सहज तग धरतात, त्यामुळे फक्त अझाइड देऊन एटीपी फारसा उतरत नाही. दोन्ही वाटा बंद कराव्या लागतात : ग्लुकोज नसलेल्या द्रावणात १० मिलिमोलार अझाइड आणि त्याच्या जोडीला २-डीऑक्सिग्लुकोज. हे दुसरे द्रव्य ग्लुकोजसारखेच आत घेतले जाते, त्याला फॉस्फेट लावण्यात पेशी आणखी एटीपी घालवते, आणि पुढे त्याचे विघटन होत नसल्यामुळे ती वाटच तुंबते. किती मिनिटांनी एटीपी खरोखर तळाला गेला हे ल्युसिफरेजच्या (एटीपी असेल तर प्रकाश देणाऱ्या विकराच्या) चाचणीने प्रत्येक नव्या तुकडीत तपासावे. चाचणीत पेशी फोडून एकत्रित प्रकाश मोजतात, त्यामुळे मिळणारा आकडा हजारो पेशींची सरासरी असतो, हेही लक्षात ठेवावे.

यानंतर दोन नियंत्रणे मी कधीच गाळली नाहीत. एक, ग्लुकोज परत देऊन द्रव्ये धुऊन टाकल्यावर एटीपी आणि रिसेप्टरची वागणूक दोन्ही पूर्वपदावर येतात का हे पाहणे. येत नसतील तर पेशी मरणाच्या वाटेवर होत्या आणि ती मोजणी टाकून द्यावी. दुसरे, अझाइड देऊनही ग्लुकोज भरपूर ठेवणे. या नळीत अझाइड असते पण एटीपीही असतो, त्यामुळे अझाइडचे इतर गुण कोणते आणि ऊर्जेच्या अभावाचा परिणाम कोणता, हे वेगळे करता येते. हे नियंत्रण किती मोलाचे आहे ते मला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेल्यावर कळले.

सूक्ष्मदर्शकाचे तास सामायिक सुविधेकडून मिळत. त्यांचे शुल्क तासावर होते, प्रकल्पाच्या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम त्यातच गेली, आणि नोंदणी काही आठवडे आधी करावी लागे. सकाळचे तास सगळ्यांना हवे असतात. मी दुपारनंतरचे घेत असे, कारण तोवर यंत्राभोवतीचा तापकक्ष ३७ अंशांवर स्थिरावलेला असे. तापमानाबाबत मी हट्टी झाले. तेलाचे वस्तुभिंग थेट काचेला चिकटलेले असल्यामुळे ते उष्णता शोषून घेते, आणि वस्तुभिंगाला स्वतंत्र तापक नसेल तर पेशी दाखवलेल्या आकड्यापेक्षा कित्येक अंश थंड असू शकते. ज्या प्रयोगात औष्णिक गती आणि एटीपीवर चालणारी गती यांचा वाद आहे, तिथे तापमानाची चूक सगळ्या निष्कर्षांत मुरते. द्रावणात बारीक तापमापक बुडवून पाहण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आम्ही टर्फ पद्धत वापरली, जिच्यात काचेलगतचा साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा थरच उजळतो आणि पेशीच्या पोटातला गोंधळ दिसत नाही. रिसेप्टरला रंग लावताना दोन बाहूंचे प्रतिपिंड टाळले, कारण ते दोन रिसेप्टर एकत्र बांधतात, आणि मग आपण रिसेप्टरची गती न मोजता स्वतःच तयार केलेल्या पुंजक्यांची गती मोजू लागतो. कॅपिंगचा इतिहास हेच तर सांगतो. खरी अडचण रंग विझण्याची होती. एकेका रेणूचा माग काढताना रंग जास्त वेळ टिकावा म्हणून द्रावणातला ऑक्सिजन काढून घेणारे ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज या विकरांचे मिश्रण सर्रास वापरतात. पण त्याला इंधन म्हणून ग्लुकोज लागते, म्हणजे जे आपण काढून घेतले तेच पुन्हा घालायचे. शिवाय ते ऑक्सिजन संपवते, म्हणजे ज्या नियंत्रणाच्या पेशींना श्वसन करू द्यायचे आहे त्यांचेही श्वसन रोखले जाते. आणि अझाइड कॅटालेजलाच बंद पाडते. तीन बाजूंनी बाद. त्याऐवजी लेसरची तीव्रता कमी ठेवून आखूड माग स्वीकारले.

त्यातही एक मेख निघाली. अझाइड हे रंग नासवणाऱ्या एकेरी-अवस्थेतल्या ऑक्सिजनला शमवते, म्हणून ते असलेल्या नळीत रंग जास्त वेळ टिकतो आणि माग लांब मिळतात. लांब मागांच्या सरासरीत मंद रेणूंचे वजन वेगळे पडते, आणि ऊर्जेशी काही संबंध नसताना दोन गटांत फरक दिसू लागतो. अझाइड-अधिक-ग्लुकोज या नियंत्रणामुळेच हा परिणाम वेगळा ओळखता आला. पुढे सगळे माग समान लांबीवर कापूनच तुलना केली, आणि अझाइडच्या जागी अँटिमायसिन हे श्वसन रोखणारे दुसरे द्रव्य वापरून प्रमुख मोजण्या पुन्हा घेतल्या.

दुसरी मर्यादा वेळेची होती. ऊर्जा संपल्यावर सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडतो, पेशी फुगू लागते, आतले द्रव आम्लधर्मी होते, आणि काही वेळाने पटलावर बुडबुड्यासारखे उंचवटे येतात. त्या उंचवट्यांत पटल खालच्या जाळ्यापासून सुटलेले असते. १९८२ मध्ये टँक, वू आणि वेब यांनी स्नायुपेशींच्या अशा उंचवट्यांत प्रथिने कितीतरी जलद विसरतात असे दाखवले आहे. त्यामुळे उंचवटे आलेली पेशी चुकून हिशेबात धरली, तर ऊर्जा काढल्यावर रिसेप्टर वेगवान होतात असा उफराटा निष्कर्ष निघू शकतो. प्रत्येक चित्रफितीच्या आधी आणि नंतर साध्या प्रकाशात पेशीचे एक चित्र घ्यावे आणि कोणती पेशी वगळायची याचा नियम विश्लेषणाआधी लिहून ठेवावा.

विश्लेषण हिवाळ्यात सुरू झाले. प्रत्येक ठिपक्याची रुंदी सुमारे २५० नॅनोमीटर असली तरी त्याचे केंद्र २० ते ३० नॅनोमीटरच्या अचूकतेने काढता येते. मग ठरावीक कालांतराने रेणू किती दूर गेला याच्या वर्गाची सरासरी घेतात. निव्वळ विसरण असेल तर ती काळाच्या सम प्रमाणात वाढते, रेणू कोंडलेला असेल तर आलेख आडवा होत जातो, आणि कोणी ओढत नेत असेल तर तो वर वळतो. केंद्र ठरवण्यातली चूक या आलेखात एक स्थिर भर घालते आणि मुक्त रेणूही कोंडलेला भासतो. म्हणून काचेवर पक्क्या चिकटवलेल्या मण्यांची मोजणी प्रत्येक सत्रात घ्यावी. आमच्या कॅमेऱ्याला ११ मिलिसेकंदांच्या उड्या दिसणे शक्यच नव्हते, हे मी प्रबंधात स्पष्ट लिहिले. आपल्या यंत्राला काय दिसत नाही हे स्वतःच लिहून टाकले की परीक्षकांचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

ऊर्जा काढलेल्या आमच्या पेशींत दिसले ते असे. आत घेण्याची क्रिया जवळजवळ थांबली; आम्लधर्मी द्रावणाने बाहेरचे ट्रान्सफेरिन धुऊन टाकल्यावर आत काहीच विशेष उरत नव्हते, आणि हे अपेक्षितच होते, कारण या क्रियेला एटीपी लागतो हे १९९० मध्ये श्मिड आणि कार्टर यांनी दाखवलेले आहे. सरळ ओढले जाणारे माग नाहीसे झाले. पण अगदी छोट्या कालांतरावर मोजलेली विसरणाची गती जवळपास तशीच राहिली. फरक पडला तो लांब कालांतरावर, जिथे रेणू अधिक कोंडलेले दिसले. त्यातले काही क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या खळग्यांत, म्हणजे रिसेप्टर आत घेण्याच्या जागांत, अडकून पडले होते, हे क्लॅथ्रिनला दुसरा रंग दिल्यावर कळले. ते वेगळे काढल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही.

हा उरलेला फरक कशाचा, यावर उन्हाळाभर नियंत्रणे चालली. लॅट्रुनक्युलिनने ॲक्टिन मोडले तेव्हा लांब कालांतरावरचे रेणू मोकळे झाले, म्हणजे परिणाम ऊर्जा काढण्याच्या उलट होता. ही गोष्ट मला या साऱ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते. ऊर्जा संपल्यावर जाळे नाहीसे होत नाही. त्याची उलथापालथ थांबते, आणि एटीपी नसलेला मायोसिन (ॲक्टिनचे तंतू ओढणारे प्रथिन) ॲक्टिनला घट्ट धरून बसतो. भिंती जागेवर राहतात, पण त्यांच्यात वाटा पडायच्या थांबतात. मेयर, राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ आणि २०१२ मध्ये दाखवले आहे की पटलावरच्या काही प्रथिनांचे सूक्ष्म पुंजके बनवण्यातच ॲक्टिन-मायोसिनच्या ऊर्जाखर्ची हालचालीचा हात असतो. त्या कामाच्या प्रकाशात आमचे निरीक्षण मला विचित्र वाटले नाही. मायोसिन रोखणारे ब्लेबिस्टॅटिनही वापरले, मात्र निळ्या प्रकाशात ते स्वतः निकामी आणि विषारी होते, म्हणून तांबड्या लेसरवर चालणारा रंग निवडावा लागला. आम्लतेसाठी निजेरिसिनने पेशीचा सामू (आम्लतेचे माप) स्थिर ठेवून पाहिला, आणि पंप बंद पडण्याच्या परिणामासाठी तो पंप रोखणारे वाबाइन देऊन पाहिले. दोन्हींनी थोडासा फरक पडला. तो आकृतीत वेगळा दाखवला आहे.

मौखिक परीक्षेत अपेक्षेप्रमाणे पहिलाच प्रश्न आला : एटीपी काढल्यावर फॉस्फेट लावणारी सर्वच विकरे बंद पडतात, पटलाच्या आतल्या थरातले फॉस्फोइनोसिटाइड हे फॉस्फेटयुक्त लिपिड घटतात, मग दोष ॲक्टिनलाच का द्यायचा? मी नियंत्रणांची आकृती उघडली आणि दावा किती मर्यादित आहे ते सांगितले. परीक्षकांनी प्रकरणाच्या शीर्षकातून 'ऊर्जेविना रिसेप्टर मंदावतात' हे शब्द काढून कालमापाचा उल्लेख घालायला लावला, आणि ते मला पटले. दुसरी दुरुस्ती एका आलेखाची होती : लघुगणकी अक्षाऐवजी साध्या अक्षावर तो पुन्हा हवा होता, आणि त्यासाठी मूळ चित्रफितींपर्यंत जावे लागले. सामायिक सुविधेच्या संगणकावरच्या फायली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मी त्यांची प्रत दोन ठिकाणी ठेवत आले होते. दुरुस्त्या स्वीकारल्याचे पत्र हाती येईपर्यंत त्यातली एकही प्रत हलवू नये. अझाइडच्या टाकाऊ बाटल्या उचलून नेल्याची पावतीही त्याच फाइलला लावून ठेवावी, कारण प्रयोगशाळेचा ना-हरकत दाखला देताना ती मागतात.